नवतपा आणि संगणकाचा कूलर

रायपुरात ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेली पत्र्याची पेटी. तिच्या तीन अंगांना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या कुरळ्या सालप्यांच्या ताट्या, तळाशी पाणी, ते पाणी ताट्यांवर चढवणारी लहानशी मोटर आणि आत घरघरणारा पंखा. नागपूर-भंडाऱ्यापासून रायपूर-बिलासपूरपर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळा निभावतो तो या पेटीच्या आधाराने. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला म्हणजे, मे महिन्याच्या पंचविशीच्या सुमारास, नऊ दिवसांचा ‘नवतपा’ सुरू होतो. त्या दिवसांत घरातला कूलर बंद पडणे ही रायपूरकरांच्या दृष्टीने साधी अडचण नसते; ते संकट असते.

अलीकडे या शहरात, विशेषतः नव्या रायपुरात, आणखी एका कूलरची चौकशी होऊ लागली आहे. हा कूलर खिडकीत बसत नाही. तो टेबलावरच्या संगणकाच्या पेटीत, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. नाव एकच असल्यामुळे दोघांचे कामही एकच असावे असा समज सहज होतो, आणि निवडीतील चुकांचा उगम बहुधा याच समजात असतो. खिडकीतला कूलर खरोखरच हवा थंड करतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, आणि बेचाळीस अंशांची कोरडी झळ खोलीत येते ती अठ्ठावीस-तीस अंशांची होऊन. संगणकाचा वायुकूलर यातले काहीही करीत नाही. तो हमाल आहे. प्रोसेसरच्या पाठीवरचे उष्णतेचे ओझे उचलायचे आणि भोवतालच्या हवेत नेऊन टाकायचे, एवढेच त्याचे काम. भोवतालची हवा चाळीस अंशांची असेल, तर जगातला कितीही महाग वायुकूलर प्रोसेसरला एकोणचाळीस अंशांवर आणू शकणार नाही.

नवा रायपूर हे तसे कोवळे शहर. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, आणि जुन्या रायपूरच्या आग्नेयेस आखून-मापून ही नवी राजधानी वसवली गेली. २०१२ मध्ये महानदी भवनात मंत्रालय आले, २०१५ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, आणि मे २०२५ मध्ये, म्हणजे ऐन उन्हात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती-केंद्राची पायाभरणी झाली. एवढी प्रचंड संगणकशक्ती नेमक्या तापत्या मुलखात का आणावी, असे कुणाच्या मनात येईल. कोरब्याच्या कोळशावरची मुबलक वीज हे त्याचे एक मोठे कारण. पण अशा केंद्रांना शीतकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा असते. सेक्टरमधल्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात बसून काम करणाऱ्याला ती कोठून मिळणार?

अशी एखादी तरुणी कल्पावी. वास्तुविशारदांसाठी इमारतींची भावी चित्रे ती संगणकावर तयार करून देते. एकेक चित्र पुरे व्हायला यंत्राला तासन् तास राबावे लागते. संगणक कर्ज काढून घेतलेला, गिऱ्हाईक मुंबईचे, आणि चित्र सकाळी पोचले नाही तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाणार. डिसेंबरात सहा तासांत होणारे काम मेमध्ये पावणेसात-सात तास घेऊ लागते. यंत्र बिघडलेले नसते. ते स्वतःला सांभाळत असते. शिवाय पंख्याचा आवाज इतका वाढतो की त्याच खोलीत निजणाऱ्या आजीची झोप मोडते. या तरुणीने चार हजारांचा कूलर घ्यावा की बारा-पंधरा हजारांचा? प्रश्न इतकाच आहे. परंतु त्याचे उत्तर दुकानातल्या फळीवर मिळत नाही. त्यासाठी उष्णतेचा थोडा हिशेब मांडावा लागतो.

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा आपला पहिला सूक्ष्मप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो एक वॉटही वीज खात नसे. त्याला पंख्याची गरजच नव्हती. १९९३ च्या पहिल्या पेंटियमपर्यंत ही भूक पंधरा वॉटांच्या घरात गेली आणि प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या व चिमुकला पंखा दिसू लागला. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी शंभर वॉट ओलांडले. आज टेबलावरच्या संगणकातला इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर भराच्या वेळी २५३ वॉटांपर्यंत, आणि एएमडीचा रायझेन ९ ९९५०एक्स २३० वॉटांपर्यंत वीज घेऊ शकतो. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र याहून लहान असतो: पहिल्यावर १२५, दुसऱ्यावर १७०. कूलर निवडताना खोक्यावरचा आकडा धरणारा पुष्कळदा फसतो तो इथेच.

आणि प्रश्न केवळ किती वॉट हा नाही. घरातली इस्त्री हजार वॉटांची असते, पण ती उष्णता तळव्याएवढ्या पत्र्यावर पसरलेली असते. एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला चार-पाच वॉट येतात. रायझेनमध्ये गणिताचे काम करणारी सिलिकॉनची चकती सुमारे सत्तर चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. भर असताना तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून शंभर वॉटांहून अधिक उष्णता बाहेर पडू पाहते. इस्त्रीच्या वीसपट! एवढ्याशा जागेतून हा लोंढा बाहेर काढणे, हीच वायुकूलर घडवणाऱ्याची खरी परीक्षा.

तांबे उष्णता उत्तम वाहते, ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. तरीही नुसत्या तांब्याच्या ठोकळ्याने हे काम भागत नाही, कारण ठोकळा जाड केला की दूरच्या टोकापर्यंत उष्णता पोचता पोचता मंदावते. यावरचा तोडगा अंतराळविद्येच्या वाटेने आला. १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी उष्णतानलिका सिद्ध केली. तशाच कल्पनेचे एक पेटंट १९४४ मध्येच एका मोटार कंपनीतील गॉगलर यांना मिळालेले होते, पण ते कागदावरच राहिले होते. ही नलिका म्हणजे दोन्ही टोके बंद केलेली तांब्याची पोकळ नळी. आतली हवा काढून टाकलेली आणि थेंबभर पाणी ठेवलेले. हवा नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही. चाळीस-पन्नास अंशांवरच त्याची वाफ होते. भाताच्या पातेल्यातली वाफ जशी झाकणाला लागून पाणी होते, तशी ही वाफ नळीच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता तिथे सोडते. ते पाणी परत कसे येते? समईच्या वातीत तेल चढते तसे. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर दिलेला असतो; तोच वातीचे काम करतो. हलणारा भाग एकही नाही, म्हणून वर्षानुवर्षे झिजत नाही.

आजच्या चांगल्या वायुकूलरमध्ये अशा सहा ते आठ नळ्या असतात. त्या तळच्या तांब्याच्या पाटापासून निघून दोन मनोऱ्यांत शिरतात, आणि मनोरे म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची उतरंड. दोन पंखे तिच्यातून हवा ढकलतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा कूलर २०१४ मध्ये आला आणि बराच काळ या जातीचा मानदंड मानला गेला. २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली: आठ नळ्या, १६८ मिलिमीटर उंची, दोन पंख्यांसह दीड किलो वजन. जर्मनीच्या बी क्वाएट कंपनीचा डार्क रॉक प्रो ५ त्याच्याच तोलाचा. दुसरीकडे तैवानच्या थर्मलराइट कंपनीने पीअरलेस असॅसिन आणि फँटम स्पिरिट हे सहा व सात नळ्यांचे कूलर चार हजार रुपयांच्या आसपास आणून बाजाराचे गणितच बदलून टाकले. दोनशे वॉटांच्या भाराखाली या स्वस्त आणि महाग कूलरमधला फरक साधारणतः तीन ते पाच अंशांचाच पडतो. महागाचे पैसे वाया जातात असे नव्हे. पंख्याची जात, आवाजाचा पोत, जोडणीचे साहित्य आणि दीर्घ हमी यांचे ते पैसे असतात.

आता रायपूरचा हिशेब. चांगल्या दुहेरी मनोऱ्याच्या कूलरखाली, चकतीपासून हवेपर्यंत, वॉटामागे साधारण ०.३ अंश चढ धरायला हरकत नाही. म्हणजे दोनशे वॉटांना साठ अंश. युरोपातल्या परीक्षकाच्या खोलीत बावीस अंश असतात. तिथे प्रोसेसर ब्याऐंशीवर थांबतो आणि परीक्षक समाधानाची मान डोलावतो. तीच जोडणी मे महिन्यातल्या दुपारी नव्या रायपुरात आणा. बाहेर त्रेचाळीस, बंद खोलीत अडतीस. पेटीच्या आत चित्रपत्रकाच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, उष्णतेमुळे आणखी सहा. कूलर जी हवा ओढतो ती खोलीतली नव्हे, पेटीतली, हे पुष्कळ जण विसरतात. ती झाली चव्वेचाळीस. त्यात साठ मिळवले की एकशे चार. रायझेनची मर्यादा पंचाण्णव. तेव्हा प्रोसेसर स्वतःच आपली भूक १७० वॉटांवर आणतो आणि काम लांबते. शिवाय तापलेली हवा विरळ असते: वीस अंशांच्या हवेपेक्षा त्रेचाळीस अंशांच्या हवेत सात टक्के वस्तुमान कमी. पंखा तेवढेच फिरे फिरतो, पण ओझे थोडे कमीच उचलतो.

या ठिकाणी तीन वाटा फुटतात, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. पहिली वाट अधिक महाग कूलरची. वॉटामागचा चढ ०.३ वरून ०.२८ वर आला, तर त्याच दुपारी प्रोसेसरला १८२ वॉट झेपतील. म्हणजे तिप्पट-चौपट पैशांत बारा वॉट. दुसरी वाट खिडकीतल्या कूलरची. खोली अडतिसावरून तिसावर आली तर पेटीत छत्तीस, आणि जुनाच चार हजारांचा कूलर जवळजवळ १९७ वॉट पेलतो. खोलीतली माणसेही निवतात, हा त्याचा वरचा नफा. तिसरी वाट फुकटची आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी सुचवत नाही. प्रोसेसरची वीज आपल्या हाताने बांधून टाकायची. ९९५०एक्ससारख्या प्रोसेसरला मदरबोर्डच्या मांडणीत २३० ऐवजी १४२ वॉटांची मर्यादा घालता येते. सर्व गाभे एकदम राबत असतानाही कामाचा वेग दशांशाच्या आसपास घटतो, कारण शेवटचे साठ-सत्तर वॉट फारच थोडे काम करीत असतात. ती श्रीमंती उधळपट्टी असते. १४२ वॉटांना ०.३ प्रमाणे त्रेचाळीस अंश, त्यात पेटीतले चव्वेचाळीस: सत्त्याऐंशी. नवतप्यातल्या दुपारी, खिडकीतला कूलर बंद असतानासुद्धा, यंत्र आपल्या मर्यादेत. आणि पंखेही शांत.

त्या तरुणीने म्हणून चार हजारांचा दुहेरी मनोऱ्याचा कूलर घ्यावा, वीज बांधावी, आणि उरलेले पैसे पेटीच्या पुढच्या जाळीवर व दोन बऱ्या पंख्यांवर खर्चावेत. सात तासांचे काम सव्वासहा-साडेसहा तासांवर आले तरी मुंबईच्या गिऱ्हाइकाला सकाळ गाठता येते. आणि काम रात्री लावले, तर हवेतले सात-आठ अंश आपोआपच कमी झालेले असतात. आजीची झोप हा विचारही क्षुल्लक मानू नये. पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. मोठा कूलर मंद गतीने फिरवणे हे लहान कूलर जोराने फिरवण्यापेक्षा केव्हाही चांगले. ज्यांना केवळ खेळ खेळायचे आहेत, त्यांनी तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. रायझेन ७ ९८००एक्स३डी सारखा खास खेळांसाठी घडवलेला प्रोसेसर खेळताना सहसा शंभर वॉटांच्या आतच राहतो.

एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर तापमान पाहून जीव उगाच टांगणीला लागतो. रायझेनची ७००० मालिका निघाली तेव्हापासून एएमडीने आपल्या जोरकस प्रोसेसरांची रचना अशी ठेवली आहे की, भर आला की ते मुद्दामच पंचाण्णवपर्यंत चढतात आणि तिथे राहून जमेल तेवढे काम करतात. अशा प्रोसेसरवर चांगला कूलर बसवला तरी आकडा पंचाण्णवच दिसू शकतो. फरक वेगात पडलेला असतो. तेव्हा दोन कूलरांची तुलना केवळ सर्वोच्च तापमानावरून करणाऱ्या परीक्षणावर विसंबू नये. समान वीज बांधून घेतलेले तापमान, किंवा समान आवाजात मिळालेला वेग, असा आकडा शोधावा. आणि परीक्षकाच्या खोलीचे तापमान दिले नसेल, तर त्या परीक्षणाचा रायपूरकराला उपयोग नाही.

पाण्यावर चालणाऱ्या बंद शीतकांचा मोह अनेकांना पडतो. काचेच्या पेटीत ते शोभतातही. अडीचशे वॉटांच्या वर सतत काम करायचे असेल तर तीन पंख्यांच्या शीतकाला वायुकूलरपेक्षा काही अंशांचा लाभ खराच आहे. पण पाणी उष्णता नेऊन टाकते ती अखेर त्याच खोलीतल्या हवेत, त्यामुळे नवतप्याचा नियम त्यालाही सुटत नाही. त्यात पंप असतो, तो कधी तरी थकतो. नळ्यांतून द्रव वर्षांगणिक किंचित उडून जातो. वायुकूलरचा पंखा मेला तर दुसरा घेऊन तारेच्या कडीने अडकवला की झाले.

मापाची चूक मात्र क्षमा करीत नाही. पेटीच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. ती १५५ असेल तर १६८ मिलिमीटरच्या कूलरवर पेटीचे दार लागणार नाही. स्मृतिपट्ट्यांवर उंच झाकणे असली तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची आणखी वाढते. प्रोसेसरची बैठक एएम५ आहे, एलजीए १७०० आहे की एलजीए १८५१, हे पाहून जोडणीचे साहित्य घ्यावे. दोन धातूंमधल्या लेपाबद्दल दुकानातून बराच उत्साह दाखवला जातो. लेपाचे काम फक्त खाचखळगे भरण्याचे. हवा उष्णतेची इतकी वाईट वाहक आहे की खळग्यात ती राहू नये एवढ्यासाठीच तो लेप. पातळ आणि सारखा बसला पाहिजे, बस्स. आणि दीड किलोचा मनोरा आडवा लोंबकळत असतो. तेव्हा संगणक मोटारीतून नागपूरला न्यायचा झाला तर कूलर उतरवावा, निदान पेटी अशा कुशीवर निजवावी की मनोरा सरळ उभा राहील.

रायपुरात धुळीचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि गच्चीवर, खिडक्यांच्या चौकटींवर बसणारी काळी भुकटी जुन्या रायपूरकरांना परिचयाची आहे. नव्या रायपुरात तिची जागा बांधकामाच्या सिमेंट-मातीने घेतली आहे. पापुद्र्यांमधले अंतर जेमतेम दोन मिलिमीटर. त्यात हा थर बसला की चार हजारांचा कूलर पाचशेचा होतो. काळ्या भुकटीत लोहकण व कोळसा असल्यामुळे मदरबोर्डवर ती साचू देणे तर अधिकच वाईट. म्हणून पेटीत हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा सबळ असावेत, म्हणजे फटींतून धूळ शोषली जात नाही. आत घेणाऱ्या वाटेवर जाळी असावी, आणि उन्हाळ्यात ती पंधरवड्याला धुवावी. खिडकीतल्या कूलरची झोत मात्र थेट संगणकाच्या तोंडावर कधीही धरू नये. दमट हवेने दव पडण्याची भीती नाही, कारण चालू यंत्र हवेपेक्षा गरमच असते. भीती असते ती उडणाऱ्या तुषारांची. ताट्यांवर जो पांढरा क्षार चढलेला दिसतो, तोच क्षार त्या तुषारांत असतो.

जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि खिडकीतला कूलर निकामी होतो. हवेतच पाणी भरलेले असल्यावर ताटीवरचे पाणी वाफ होणार कसे? घरात घामाच्या धारा लागतात, लोक म्हणतात मे महिना परवडला. संगणकाचा कूलर या तक्रारीत सामील होत नाही. त्याला ओलाव्याशी कर्तव्य नाही, फक्त हवेच्या अंशांशी आहे. आणि जुलैतली तीस-एकतीस अंशांची चिकट दुपार त्याच्या लेखी मे महिन्यातल्या, खिडकीतला कूलर चालू असलेल्या खोलीसारखीच असते.